बेटावरचा स्विमिंग पूल

२७ जानेवारी, सोमवार
अखेर न्याय झाला. कोकणातल्या एका बेटावर रिसॉर्ट करायचंय आणि किरण सरांनी सगळ्यांकडून कन्सेप्ट मागितलाय. सगळ्यांकडून म्हणजे माझ्याकडूनच, बाकीचे नावाला. अंधेरीच्या या ऑफिसात सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे. सोसायट्यांचे जिने आणि संडास काढण्यात जन्म गेला. आता बघा म्हणावं. समुद्र आमच्या रक्तात आहे. जन्म वाकोल्याचा, पण रक्त मालवणचं.
संकल्प: रोज एक शीट. चहा दोनच. कोणावर चिडायचं नाही.

२८ जानेवारी
चिडलो. ऋतिकामुळे. दोन वर्षांपूर्वी आलेली आर्किटेक्ट, मला काका म्हणते. बेटावर प्यायचं पाणी कुठून येणार, असं तिने विचारलं. कन्सेप्टमध्ये पाणी नसतं, असं सुनावलं. पाच चहा झाले. जबाबदार ती.

३१ जानेवारी
शीट एकही नाही. ऑफिसात एसीचं तोंड माझ्याकडे आहे, त्यात काय सुचणार? घरी लता विचारते, तुम्ही बेटावर गेलायत कधी? घारापुरीला गेलो होतो, तिसरीत. माकडाने डबा नेला. अनुभव आहे, एवढंच म्हणालो.

५ फेब्रुवारी
डिझाइन झालं. झकास. समुद्रात खांबांवर सोळा व्हिला आणि किनाऱ्याला खेटून शंखाच्या आकाराचा स्विमिंग पूल. ऋतिकाने बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाली, काका, भरतीचं पाणी कुठवर येतं ते बघितलंत का? डोकं फिरलं. ही मुलुंडची. मुलुंडला समुद्र नाही, खाडी आहे, तीही घाण. आणि मला भरती शिकवणार! सगळ्यांसमोर बोललो. ती मोबाइलवर भरतीच्या वेळा बघू लागली. त्याचाही राग आला.

१२ फेब्रुवारी, पौर्णिमा. संध्याकाळी, लॉजवर
साइट व्हिजिट. किरण सर, ऋतिका, क्लायंट, सगळे. होडीत दोनदा उलटी. डिझेलच्या वासाने, समुद्राचा संबंध नाही.
बेटावर पूलच्या जागी खुंट्या मारून सुतळी बांधली. होडीवाले भाऊराव लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "हयसर नको, साहेब. आज पुनव असा. पाणी हयसर येतला."
किरण सरांनी माझ्याकडे बघितलं. क्लायंटनेही बघितलं. मी म्हणालो, मी इथेच उभा राहतो, पूलच्या मधोमध. येऊ दे पाणी.
साडेदहाला उभा राहिलो. सव्वाअकराला घोटे भिजले. एखादी लाट येतेच. पावणेबाराला गुडघे. ऋतिकाने दोनदा हाक मारली. पाठ फिरवली. साडेबाराला कमरेपर्यंत. बाहेर यायचं होतं, पण क्लायंट खडकावर शहाळं पीत माझ्याकडेच बघत होता. शीट डोक्यावर धरलं होतं. मग एक लाट आली. शीट गेलं, चष्मा गेला, पायाखालची वाळूही गेली.
ऋतिका कपड्यांनिशी आत आली आणि तिने कॉलर धरून मला ओढलं. तिचा मोबाइल खिशातच होता. बंद पडला.
मी पोहत होतो, असं सगळ्यांना सांगितलं. मला पोहता येत नाही.

१७ फेब्रुवारी
ऑफिसात कोणी चकार शब्द काढत नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. राजीनामा टाइप केला. प्रिंटर बंद. या ऑफिसात माणसाला रागाने नोकरीही सोडता येत नाही.

२० फेब्रुवारी
प्रेझेंटेशन. ऋतिकाचं डिझाइन घेतलं. समुद्रात काही नाही, सगळं वर टेकडीवर, नऊच खोल्या, पावसाचं पाणी साठवायला टाक्या. पूल नाही. मी मागे बसून दातओठ खात होतो. क्लायंटने विचारलं, पाणी इतकं वर येतं हे नक्की कशावरून?
ऋतिका म्हणाली, "तावडे काकांनी स्वतः पाण्यात उभं राहून बघितलंय."
खोटं आहे, मी पोहत होतो, असं सांगायला मी उठलो. लोकांना वाटलं नमस्कार करायला उठलोय. टाळ्या वाजल्या. बसलो.
तिला मोबाइलबद्दल विचारायला हवं होतं. उद्या नक्की.

२१ फेब्रुवारी
विचारलं नाही. ती कामात होती. मीही होतो.
ड्रॉइंग चेकिंगला माझ्याकडे आलं. किनाऱ्यावर एक निळी रेघ. शेजारी बारीक अक्षरात, ऋतिकाच्या हातचं: भरती, माघ पौर्णिमा. तावडे, कमरेपर्यंत.
भयंकर राग येणार होता. तेवढ्यात घरी पोचायला उशीर होतोय म्हणून निघालो.
सातला किरण सरांचा फोन. इंजिनियरला नेमका आकडा हवाय, तावडे, तुमची कंबर जमिनीपासून किती? लताने ब्लाउजची टेप आणली, मला दाराला टेकवून उभं केलं आणि दोनदा मोजलं.
तीन फूट एक इंच.
फोनवर तीन फूट दोन सांगितलं.