एक डोळा, दोन कॅमेरे

भोर,
बुधवार

प्रिय कुमार,

‘प्रिय’ हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, त्यावरून काही समजू नकोस. हे पत्र मी सुडानं लिहितेय आणि लिहिताना मला बरं वाटतंय. तू माझा नंबर बंद केलायस, म्हणून कागद, तोही आजच हातोहात पाठवतेय.

दोन वर्षांपूर्वी डोळे-तपासणी मोहिमेच्या पुण्याच्या बैठकीत तू उठून म्हणालास, वेल्ह्यातले डोळ्यांचे फोटो खराब आहेत, काढणारीचा हात हलतो. मी तिथंच दाराजवळ बसले होते. आपलं लग्न ठरल्यात जमा होतं. त्या एका वाक्यानं माझं काम गेलं, आणि तू माझ्याकडे न बघता पुढची स्लाइड दाखवलीस. नाचता येईना अंगण वाकडं!

खरं काय ते तुलाही ठाऊक होतं. नवा कॅमेरा तुम्ही भोरलाच ठेवलात, डोंगरातल्या रस्त्यानं तो हादरेल म्हणून. जुना, हातात धरायचा, माझ्या पाठीवर. मेंढरं कोंडून धनगरवाड्यातली माणसं यायची, गोधड्या टांगून मी ओसरीवर अंधार करायचे आणि त्यांच्या डोळ्यातला पडदा टिपायचे. जुन्याचे फोटो पिवळट, काचेवरच्या धुळीचे ठिपके असलेले. ते नव्याच्या फोटोंशी ताडून बघता यावेत म्हणून तू संगणकाला शिकवलंस, की जुन्यात जे वेगळं दिसेल ते कॅमेऱ्याचं समज आणि पुसून टाक. मी तेव्हाच म्हटलं होतं, दहा माणसं तरी दोन्ही कॅमेऱ्यांसमोर बसव. वेल्ह्याचं एकही माणूस नव्यासमोर बसलं नव्हतं. तू हसलास. हजारो फोटो बघून ते आपोआप शिकतं, म्हणालास.

शिकलं ना! ठिपका म्हणजे धूळ, एवढंच शिकलं. साखरेच्या आजारानं डोळ्यात सांडलेल्या रक्ताचे ठिपकेही त्यानं धुऊन काढले. बनाबाईला तीनदा ‘डोळे निर्दोष’ असा कागद मिळाला. आता तिला उजव्या डोळ्यानं स्वतःची मेंढरं दिसत नाहीत.

म्हणून शेवटी मीच बसवली माणसं. मी आता काम करते त्या डॉ. सुलक्षणाबाईंच्या दवाखान्यात नवा कॅमेरा आहे, तुझी प्रणालीही आहे, आणि भंगारात निघालेला जुना कॅमेरा बाईंनी मागून आणला. चाळीस माणसं एसटीनं, टेम्पोनं भोरला आली. तोच डोळा, त्याच दिवशी, दोन्ही कॅमेऱ्यांत. नव्यात अकरा जणांना रक्ताचे ठिपके. जुन्याच्या मूळ फोटोंतही त्याच जागी तेच. तेच जुन्याचे फोटो तुझ्या प्रणालीतून काढले की अकराच्या अकरा साफ! काचेवरची धूळ प्रत्येक फोटोत एकाच जागी असते, रोग नसतो, एवढं तरी तू बघायचंस. हे सगळं उद्या तुमच्या मोहिमेच्या समितीकडे जातंय, तुझ्या नावानिशी. सोमवारी तुझा सत्कार आहे म्हणे. मुद्दाम त्याच्या आधी पाठवतेय.

त्या अकरांत वेल्ह्याकडच्या पालीच्या अंबूबाई आहेत. तुझी आई. आपलं मोडलं हे तू त्यांना अजून सांगितलेलं नाहीस. माझ्यासाठी डबाभर आंबोशी घेऊन आल्या आणि कॅमेऱ्यावर हनुवटी टेकवून म्हणाल्या, “पोरी, तुजा हात लई थिर हाय गं.” त्यांचा फोटो बघून मला आधी आनंद झाला. लपवत नाही. बाकी दहा जणांना बाईंनी लगेच उपचाराला धाडलं. आईंना मी कळवते, असं सांगून त्यांचा कागद मी चार दिवस पर्समध्ये ठेवला. तुझी समितीपुढं शोभा झाली की मग द्यायचा, असं ठरवलं होतं. आज सकाळी तो आंबोशीचा डबा घासायला घेतला आणि माझा हात खरंच हलायला लागला. कागद याच पाकिटात घातलाय. शुक्रवारी नऊ वाजता लेसरची वेळ धरून ठेवली आहे, कागदावरच्या पत्त्यावर आईंना घेऊन ये. त्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. डोळ्यात रक्त असताना आधीच्या तपासण्यांत त्यांना दोनदा निर्दोष कुणी ठरवलं, हे त्यांच्या तोंडावर तूच सांगायचं आहेस.

तुझीच होता होता राहिलेली,
मोहिनी