कॉलर, बाही आणि जावईबापूंचा बंदोबस्त

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तूर्त खुर्चीत बसूनच).

दादाचा खोकला कसा आहे? औषध वेळेवर घेत नसेलच, माझं नाव सांगून दटावा. तुमची कंबर आता वाकू देते का? इकडे सगळे ठणठणीत आहेत. बिघडलंय ते फक्त माझं डोकं, आणि ते का बिघडलं हे बोलायची सोय नाही, कारण त्याचं मूळ आहेत आमचे जावईबापू. लेकीला सांगावं तर ती रुसते, ह्यांना सांगावं तर हे पेपर तोंडासमोर धरतात. उरलात तुम्ही.

माझे कपडे बेतायचे खाके तुम्हाला माहीतच आहेत. कॉलर, बाही, बाही जोडायचा मुंढा, खिसा, सगळं मी आयुष्यभर ब्राउन पेपरवर काढत आले. ते जावईबापूंनी कॉम्प्युटरवर उतरवले (म्हणजे लेकीने उतरवले, ते मागे उभे राहून "हं, हं" करत होते). अशा चित्रात म्हणे ठिपके नसतात. रेघ कुठून निघाली, किती वळली, कुठे पोचली एवढंच लिहून ठेवलेलं असतं, म्हणून ती कितीही मोठी करा, फिसकटत नाही. हे मला पटलं, कारण मुंढ्याचा बाक मी शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना असाच शिकवते. मग ते खाके वेबपेजवर लागले. बायकांनी विकत घ्यायचे, घरी छापायचे, कापडावर ठेवून कापायचे. इथवर गृहस्थ शहाणे होते.

मग त्यांच्या डोक्यात चोर शिरले. पहिल्या झटक्याला त्यांनी माउसचं उजवं बटण बंद केलं, म्हणजे चित्र कुणाला उतरवून घेता येणार नाही, आणि विजयी मुद्रेने चहा मागितला. आमच्या समोरचा फॅशनवाला (अख्ख्या गल्लीत त्याला "कच्चा टाका" म्हणतात, आणि का ते शिवण बघाल तर कळेल) त्याने त्याच दिवशी पेजमागचा मूळ मजकूर उघडला. त्यात माझी बाही आकड्यांच्या ओळींत जशीच्या तशी लिहिलेली! ती उचलून वर मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "काकू, रेघ काय स्वच्छ आहे हो तुमची!" निर्लज्ज मेला.

यावर जावईबापूंनी चित्रावर न दिसणारी काच घातली. चित्र धरायला जावं तर हाती काच लागते. कच्च्या टाक्याला त्या काचेचा पत्ताही लागला नाही, कारण तो मागच्या वाटेनेच येतो. मला मात्र माझीच कॉलर धरता येईना. तरी जावईबापूंचं समाधान होईना. छपाईचा हुकूम दिला की चित्र गायब व्हावं अशी तजवीज झाली. ती उत्तम चालली. ज्यांनी रीतसर विकत घेतलं त्यांच्या प्रिंटरमधून कोरा कागद आला आणि मधोमध "ही कलाकृती सुरक्षित आहे" अशी पाटी. अक्षरं मात्र काय रेखीव! कुठेही फिसकटलेली नाहीत.

बायकांनी आरडाओरडा केला तेव्हा छपाई सुरू झाली, पण खऱ्या रेघेऐवजी तिचा ठिपक्यांचा फोटो लावला, आणि प्रिंटरने तो कागदात मावेल इतका आवळला. कोपऱ्यात मी मापाचा चौकोन काढलेला असतो, छापल्यावर तो पट्टीने मोजायचा म्हणजे खाका बरोबर आला की नाही कळतं. तो जावईबापूंनी "दिसायला बरा नाही" म्हणून पुसला होता! वहिनी, शिवणाच्या खाक्यात दिसायला बरं काय असतं? एका बाईंनी ती ठिपक्यांची पायऱ्यापायऱ्यांची रेघ इमानाने तशीच कापली. नवऱ्यासाठी बेतलेला शर्ट नातवाला आला, तोही दातेरी कडांचा.

शेवटी त्यांनी वेबपेजच बंद केलं, मूळ चित्रं एका पासवर्डमागे कोंडली, आणि माझे ब्राउन पेपर "आता कशाला लागतात" म्हणून रद्दीत दिले. पासवर्ड इतका अवघड की त्यांना तो आठवत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आई, बघा ना, मलासुद्धा उघडत नाही!" आणि चेहऱ्यावर काय ते समाधान! जावई आहेत, मी "वा" म्हटलं.

पण गंमत इथे संपते. दवाखान्याच्या गणवेशांचं मोठं काम मिळालंय, कापडाचे तागे येऊन पडलेत, सोमवारी बेतायला घ्यायचं, आणि हातात एकही खाका नाही. नव्याने काढायला बसले तर मुंढ्याचा बाक पूर्वीसारखा उतरत नाही. काल कागद फाडून टाकला आणि रडले. हे काम गेलं तर मशीन कायमचं झाकून ठेवायची वेळ येईल, आणि मला ते बघवणार नाही.

दादाला नमस्कार. पत्र वाचून झाल्यावर फाडा.

तुमची नणंद

ता. क. लेकीला यातलं अक्षरही कळू देऊ नका. तिच्या मते नवरा हुशार आहे.

आणखी एक ता. क. वहिनी, गेल्या वेळी तुम्ही आलात, मी चहा टाकायला आत गेले आणि तुम्ही "सहज बघते हं" म्हणून कॉम्प्युटरसमोर बसलात. पुढे तुमच्या शिवणाच्या दुकानाच्या काचेत माझ्या कॉलरचा शर्ट टांगलेला फोटोत पाहिला, तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. आता विनंती अशी, की जे जे नेलंत ते सगळं, पूर्ण मापात, आजच्या आज पाठवा. कॉलरचं टोक तुम्ही जरा खाली घेतलंय. ते तसंच राहू द्या. माझ्यापेक्षा छान बसते.