हक्कसोड आणि सिप्पारच्या बायका

१७ जाने. २०२१, मेनूथ, आयर्लंड
दादाचा फोन. बाबांच्या माघारी नाशिकच्या घरातला माझा हिस्सा सोडायचा. त्या हक्कसोडपत्रावर डब्लिनला वकिलातीत जाऊन सही. "बहिणी करतातच गं, रीत आहे." बिल्डर खोळंबलाय म्हणे. मी म्हटलं, लॉकडाऊन, पाच किलोमीटरबाहेर जाता येत नाही. खरं तर अशा कामाला जाता येतं. त्याला कुठे माहीत!

२ फेब्रु.
थीसिस, प्रकरण तिसरं. जुन्या बॅबिलोनमधल्या सिप्पारच्या नादितू. सूर्यदेवाला वाहिलेल्या, मूलबाळ नाही, आणि तरी शेतं खंडाने देणाऱ्या, घरं विकत घेणाऱ्या. बापाच्या इस्टेटीतला तिचा वाटा भाऊ सांभाळणार, बदल्यात तिला धान्य, तेल, लोकर. नीट दिलं नाही तर तिने शेत दुसऱ्याला कसायला द्यावं. चक्क कायदा! गाइडबाई झूमवर खूश: "फेअर प्ले टु युअर वुमन!" म्हणजे इथल्या बोलीत, शाबास त्या बाईची!
मला सारखी आत्या आठवत होती.

२१ फेब्रु.
आत्याशी बोलले. तीही बिनलग्नाची. जन्म त्याच घरात, पुढच्या खोलीत शिवणक्लास. वरचा मजला तिच्या कमाईतून चढला. विचारलं, मग तुझा वाटा?
"आजोबा गेल्यावर तुझ्या बाबांना सोडून दिला की. पैठणी नेसवली त्यानं मला." हसली.
म्हणजे कागदावर तिचं काहीच नाही. मी सही केली की घर पडणार, आत्या बाहेर. डोकं फिरलंय.

१४ मार्च
दादाशी कडाक्याचं वाजलं. आत्या कुठे जाणार?
"चांगला वृद्धाश्रम बघितलाय. तिथं बसून शहाणपण शिकवू नकोस. तिचं सगळं कोण करतं?"
मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

२० एप्रिल
आत्याला कोविड. नाशकात बेड मिळेना, घरीच आहे. दादा रोज तिच्या दाराशी डबा ठेवतो, खिडकीतून ओरडून चौकशी करतो. धान्य, तेल तोच देतोय की! आणि मी इथे मातीच्या पाट्या वाचत बसलेय.

४ मे
आत्या सावरली. आवाज पार खोल गेलाय. "सही करून टाक बाई. माझ्यापायी भावाशी वाकडं नको." वर विचारते, "मशीन तेवढं नेऊ देतील का गं तिथं?"
खूप रडले. मग वकिलातीची पुढच्या बुधवारची वेळ घेऊन टाकली.

१० मे
आजपासून कुठेही जायला मोकळीक. सकाळीच दादाचा मेसेज: "आता?"
फोन केला. ते मशीन डोक्यातून जातच नव्हतं. म्हटलं, आत्या आहे तोवर सही नाही.
तो म्हणाला, "तिला काय हवंय ते विचारलंस?"
"तू विचारलंस?"
दोघांनीही विचारलं नव्हतं. त्याने फोन ठेवला.
बुधवारची वेळ अजून रद्द केलेली नाही. आधी आत्याशी बोलायचं. केव्हाची लावतेय, एंगेज येतोय. दादाने आधी लावला असणार.