सभागृहाखालचं स्वयंपाकघर

नॉर्थ कॉर्बिन, व्हरमाँट
ता. १३ फेब्रुवारी १९२१

चि. ऑरिनास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गिरणीत दहा तास उभं राहून वर स्वतःच रांधतोस, हे वाचून पोटात तुटलं. लग्नाचं नाव काढलं की मात्र तुला खोकला येतो!

इथे टेकडीवरची शाळा बंद करायचं घाटतंय. खाली गावात एकच मोठी शाळा असावी, असं पंचांचं म्हणणं. मार्चच्या गावसभेत ठराव येणार. धडधाकट पोरं चार मैल तुडवतील रे, पण माझ्या नेटीचं काय? त्या तापापासून तिचा डावा पाय लुळा. टेकडीवर ती कुबडीने जाते, खाली कशी जाईल? तुझे मेहुणे हिवाळाभर रानात लाकूडतोडीला, त्यांचं मतही नाही आणि मदतही नाही. शाळा गेली तर आठव्या वर्षीच पोरीचं शिकणं संपलं.

यंदा आम्हा बायकांनाही मत आहे, तेवढाच आधार. मी शरदातच मतदाराची शपथ घेऊन आले, तिच्याशिवाय मत देता येत नाही. मामंजी म्हणाले, आता चूल आम्ही फुंकायची का? ते स्वतः शाळा बंद करण्याच्या बाजूने आहेत. मी भांडून पाहिलं. दगडावर पाणी.

जपून राहा. पत्राला उशीर करू नकोस.

तुझी ताई,
अल्माइरा

लोवेल, मॅसॅच्युसेट्स
ता. १९ फेब्रुवारी १९२१

ती. ताईस सा. न. वि. वि.

नेटीचं वाचून वाईट वाटलं. पण मताचा आधार म्हणतेस, त्याचं मला हसू आलं. रागावू नकोस. गावसभेच्या दिवशी तुम्ही बायका कुठे असता? सभागृहाच्या तळघरात, बीन्स ढवळत! वर पुरुष हात वर करणार आणि तुम्ही खाली झारा वर करणार. तुझे सासरे रॉयलकाका, त्यांच्यासारखे चार म्हातारे असले की गावाचं भलं झालंच म्हणायचं.

नेटीला रंगीत खडू पाठवतोय. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझा,
ऑरिन

नॉर्थ कॉर्बिन
ता. २ मार्च १९२१

चि. ऑरिनास अ. उ. आ.

तुझी जीभ काळी आहे रे. अगदी तस्संच झालं.

शाळेचं कलम दुपारी यायचं होतं. म्हणून अकरा वाजले तशा आम्ही बाविसाच्या बावीस बायका दरवर्षीसारख्या ॲप्रन बांधून खाली उतरलो. कुणी सांगितलंही नाही, सवयीने पाय वळले. सभापतींनी तिकडे वर तेच कलम पुढे ओढलं. वरच्या फळ्यांतून सगळं ऐकू येतं. होकाराची आरोळी आली आणि शाळा बंद. माझ्या हातातला ब्रेड तसाच राहिला.

सासूबाई हॅम कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, रडू नकोस, पुढचं कलम वाचेपर्यंत ठराव फिरवता येतो. मात्र फेरविचार मागणारा जिंकलेल्या बाजूचा हवा. मी विचारलं, तुम्हाला हे कसं ठाऊक? तर म्हणतात कशा, चाळीस वर्षं या छताखाली कांदे चिरतेय, कान काही घरी ठेवून येत नाही.

आणि निघाल्या. मागून आम्ही सगळ्या. वर पुलाचं कलम काढत होते. सासूबाई थेट मामंजींच्या बाकाशी जाऊन म्हणाल्या, उठा आणि फेरविचार मागा. मामंजी पुटपुटले, अगं हळू, लोक बघताहेत. त्या म्हणाल्या, बसून राहिलात तर जास्त बघतील. उठले बापडे!

मग उभं करून मोजणी झाली. बंदच्या बाजूने सत्तेचाळीस, आमच्या बाजूने सत्तेचाळीस. बरोबरी झाली की ठराव पडतो. शाळा राहिली, ऑरिन! मामंजींनी मत मात्र बंदलाच दिलं. म्हणे, उठवलंस म्हणून उठलो, मत माझं आहे. आणि सासूबाईंचं मत नव्हतंच. या वयात कसली शपथ, म्हणून त्यांनी ती घेतली नव्हती. बीन्स करपले होते, पण कुणाची बोलायची छाती झाली नाही.

माझ्या सासूला मी ओळखतच नव्हते रे. तूच त्यांना दोन ओळी लिही.

तुझी,
अल्माइरा

नॉर्थ कॉर्बिन
ता. १२ मार्च १९२१

चि. ऑरिन यास फिलेनाकाकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र नेटीने मोठ्याने वाचून दाखवलं. गिरणीभर माझी गोष्ट सांगत फिरतोस म्हणे. पुरे आता. तुझ्या कौतुकाने मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल.

मोजायला लागले तेव्हा मी भिंतीशी उभी होते. मोजणारा ओळीने आला, माझ्याकडे बोट केलं, मग ओळखलं आणि बोट पुढे नेलं. चाळीस वर्षं वाटत होतं, आपल्याला सगळं कळतं तेवढं बास. पण एखादी बाई चुलीपाशी थांबली असती, तर नेटीची शाळा गेली असती आणि मी तिची आजी नुसती बघत राहिले असते. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

काल चिटणिसाकडे जाऊन हात वर केला आणि शपथ घेतली.  

घरी आल्यावर तुझे रॉयलकाका काळजीने विचारतात, मग पुढच्या सभेला जेवणाचं काय? म्हटलं, मोजणी झाली की वाढू.

प्रकृतीला जप, आमच्यावरची माया अशीच राहू दे.

फिलेनाकाकू