संग्रहालयातली मोकळी जागा

महाड, ५ मे

तीर्थस्वरूप दत्ताराम काकांस,

राजश्रीचा वाकून नमस्कार. (वाकण्याबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मीनामावशीच्या डोळ्याची पट्टी सुटली असेल. तिला म्हणावं, लगेच मालिका बघायला बसू नकोस. इकडे घरचे सगळे ठणठणीत आहेत. माझं मात्र काही खरं नाही, आणि त्याला सर्वस्वी तुमची पोलादपूरची वाडी जबाबदार आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, डोंगराला भेगा पडल्यावर वाडी खाली रस्त्याला आणून वसवली. अठ्ठावीस घरांतली सत्तावीस उतरली. अठ्ठाविसावं तुमच्या आईंचं. ‘दत्ता न्यायला आला की उतरेन’ म्हणत बनुबाई वरच राहिल्या आणि वरच गेल्या. (तुम्ही पोचलात तोवर सगळं उरकलं होतं, हे मी उकरून काढत नाही, पण पत्राला ते लागतं.) तर या वाडीच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय एका संस्थेने बांधायचं ठरवलं, म्हणजे महाबळेश्वरला जाणारे लोक घाट चढण्याआधी थांबतील. आराखडा माझा. आतापर्यंत मी महाडात दोन दवाखाने आणि एक मंगल कार्यालय बांधलंय, त्यामुळे संग्रहालय म्हटल्यावर मी हवेतच होते. गोल इमारत, प्रदक्षिणेसारखी वाट, वरून झिरपणारा उजेड, आणि छत पेलायला बरोबर एका जागी एकच खांब. माणसाने डावीकडून आत शिरायचं आणि उजवीकडून बाहेर पडायचं. बघणाऱ्याने कुठे वळायचं हे आर्किटेक्टच ठरवतो, असं आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात.

सगळं कागदावर न दाखवता जागेवरच दाखवावं म्हणून मी मैदानात फक्कीने अख्खा नकाशा आखला आणि प्रत्येक घराला एकेक वस्तू आणायला सांगितली: शेतीची इकडे, दूधदुभत्याची तिकडे, स्वयंपाकाची पलीकडे. लोकांनी माना डोलावल्या आणि नांगराशेजारी घंगाळ, घंगाळाशेजारी शेळ्यांच्या घंटा, असं मनाला येईल तसं मांडून ठेवलं. मी रागावले, पुन्हा माना डोलल्या. दुसऱ्या दिवशी मी स्वतः सगळं उचलून जागच्या जागी लावलं. चहा पिऊन येते तो पुन्हा पहिल्यासारखं. शेवटी मोबाइलवर वरच्या वाडीचं जुनं उपग्रहाचं चित्र काढून बघितलं. ज्याचं घर जिथे होतं, तिथेच त्याची वस्तू होती. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी मोजलं नव्हतं. सत्तावीस वस्तू, आणि मधोमध एक मोकळी जागा.

त्या जागेवर फक्कीचा ठिपका सोडून काही नव्हतं, पण कुणी तिच्यावरून जात नव्हतं. बायका डोक्यावर हंडा घेऊन येत आणि तिथे कड धरून वळत. पुरुष नुसतेच वळत नसत, मानही खाली घालत. आधी मला वाटलं, माझा आदर करतात. (हसू नका.) मग गवंडी सुनीलला विचारलं, तर तो माझ्याकडे वेडी असल्यासारखा बघत म्हणाला, “ताई, तितं बनुबायची वळचण हाय. डोकं आपटंल नाय का?”

काका, मी वर बघितलं, तर नुसतं आभाळ. मी स्वतःला समजावलं की माणसांना सवयी असतात. पण त्या दुपारी शेळ्या परतल्या आणि त्या जागेसमोर रांगेने थांबल्या, माना वर करून, कुणी पेज घेऊन बाहेर येईल अशा. त्यातली दोन करडं तर वाडी खाली उतरल्यावर जन्मलेली. आणि परवा संस्थेच्या प्रियदर्शिनी मॅडम पुण्याहून आल्या. त्यांना यातलं काडीचंही माहीत नव्हतं. फोनवर बोलत तरातरा चालल्या होत्या. त्या जागेपाशी वळल्या, ओढणी सावरली, वाकल्या आणि पुढे गेल्या. बोलणं क्षणभरही थांबलं नाही. मी भ्याले, हे सरळ कबूल करते.

आता अडचण अशी की माझा एकुलता एक खांब नेमका तिथेच येतो. सुनील म्हणतो, “खणाचा तर बाकी समदं खणतो, पन तितं पहार मारनार नाय.” पावसाआधी पाया भरला नाही तर संस्था काम दुसरीकडे नेणार आहे, मग वाडीच्या वस्तू पुन्हा पोत्यांत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवून घ्यायला जागाही आहे.

तुमची,
राजश्री

ता. क. : खांब मी दहा फूट सरकवला आहे, केवळ भार नीट वाटला जावा म्हणून. अंधश्रद्धेचा काही संबंध नाही. त्या जागेच्या वरचं छत मात्र जरा खाली घेतलं आहे.

ता. क. : काका, खरं लिहायचं ते इथे लिहिते. शेजारच्या चिमाबाईने तुमच्या आईंचा पाटा वरून डोक्यावर आणून त्या जागेत ठेवला आहे. वरवंटा नाही. तो तुम्ही डोंबिवलीला नेलात, आणि मावशी सांगत होती, गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवता. तुमच्या बारशाला पाळण्यात तुमच्याआधी तोच घातला होता, कुंची घालून. चिमाबाई म्हणते, “पाटा आय, वरवंटा ल्योक. त्यांना येगळं ठेवायचा नसतो गो.” खांब सरकवला तरी सुनील अडून आहे: ज्याचं घर त्यानेच वस्तू आणायची, मगच पहिली पहार मारतो, म्हणतो. कुरिअरने पाठवू नका. स्वतः घेऊन या. त्या उतरल्या नाहीत त्या तुमच्यासाठी, हे तुम्हाला कुणी तरी तोंडावर सांगायला हवं होतं, ते मी सांगते.

ता. क. : आज सकाळी जागेवर गेले तर पाटा ओला होता आणि त्यावर लसूण-मिरचीचं ताजं वाटण होतं. चिमाबाईला विचारलं. ती म्हणाली, “म्या नाय. दत्ता याचा असला की बनुबाय आदल्या दिशीच वाटान काढायची.” काका, मी तुम्हाला बोलावते आहे हे कुणालाही सांगितलेलं नाही, आणि हे पत्र अजून पाकिटातसुद्धा घातलेलं नाही.