त्या खोलीतली मुलगी

प्रिय चिंगे,

तुझ्या ॲडमिशनची बातमी आल्यापासून घरात नुसता धुमाकूळ चालला असेल. आई पिशव्यांवर पिशव्या भरत असेल, बाबा बॅग उचलून वजनाचा अंदाज घेत असतील, आणि तू आरशासमोर उभी राहून इथल्या लोकांसारखं बोलून बघत असशील. या देशाबद्दल आधी काय काय माहीत असायला हवं ते लिही, असं फर्मान काढलंस. तर ऐक, शहाणे. मोजे जाड आण, पातळ मोज्यांनी माझी पहिल्याच आठवड्यात दैना झाली. इथे लोक ‘कशी आहेस’ विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात, तेव्हा लगेच आपली रामकहाणी सुरू करायची नाही. कोणाकडे न कळवता टपकायचं नाही. खोली घेताना नळ सोडून बघायचा, खिडकी नीट लागते का ते बघायचं, आणि आधी तिथे कोण राहत होतं ते विचारायचं. हे शेवटचं मी केलं नाही. स्वस्तात मिळतेय म्हटल्यावर मला कुठला धीर निघायला!

घरमालकीण म्हातारी, नीटनेटकी, मायाळू. मी पाऊल टाकलं तेव्हा टेबलावर माझा चहा तयार होता, बिनसाखरेचा. मी तसा पिते हे तिला कोणी सांगितलं, असा प्रश्न पडला, पण थंडीत आयता चहा मिळाल्यावर कोण चौकशी करत बसतो? कपाटात आधीच्या मुलीचा स्वेटर होता. घाल, बसेल तुला, म्हणाली. बसला, अगदी मापाने शिवल्यासारखा. कॉलेज सुटल्यावर मी चष्म्याच्या दुकानात काम करते, फ्रेममध्ये काचा बसवायचं. तिथेही आधी तीच मुलगी होती. गिऱ्हाइकं मला जुन्या ओळखीची असल्यासारखी विचारायची, खोकला बरा झाला का? मला खोकला नव्हताच. इथल्या लोकांना आपल्याकडच्यांचे चेहरे सारखेच दिसतात, असं म्हणून मी सोडून दिलं. मग मला खोकला झाला.

तेव्हा मालकिणीला विचारलं, आधीची मुलगी कुठे गेली. ती उशांचे अभ्रे बदलत होती. मान वर न करता म्हणाली, “गेली कुठे? तू आहेस ना.” हे ती रागाने किंवा गूढपणे बोलली नाही. पाणी तापलंय, अंघोळ करून घे, अशा सुरात बोलली. दुकानदाराचंही तेच. खोलीत राहते ती त्या खोलीतली मुलगी. मुली बदलतात हे त्यांच्या गावीही नसतं.

मागच्या रविवारी फोनवर मी आईला विचारलं, दादा कसा आहे? अभ्यासाने डोकं फिरलंय हिचं, म्हणून आई हसली. स्पीकरवर ऐकणारी तू हसली नाहीस, माझ्या लक्षात आलं. चिंगे, आपल्याला भाऊ नाही हे मला माहीत आहे. पण एका मुलाने मला पोहायला शिकवलं, नाकात पाणी गेल्यावर तो पोट धरून हसला, हे लख्ख आठवतं. मला पोहता येत नाही. उलट तू सायकल शिकत होतीस तेव्हा मागून मी धरलं होतं की बाबांनी, ते काही केल्या आठवेना. मला फार भीती वाटते गं. दोनदा बॅग भरून निघाले, जिना उतरेपर्यंत कुठे जायचं तेच आठवेना. या पाकिटावरचा पत्तासुद्धा आईने पाठवलेल्या खोक्यावरून उतरवून काढला आहे.

आता खरं सांगते. परवापासून माझ्या चहात तीन चमचे साखर असते, तू घेतेस तशी. दुकानदार पकड आणि स्क्रू माझ्या डाव्या हाताशी ठेवू लागलाय. डावखुरी तू आहेस. तू येणार हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. त्यांची तयारी सुरू झाली आहे, म्हणून हे लिहिते आहे. येऊ नकोस. हे फोनवर सांगता येत नाही. फोन कानाला लावला की माझ्या तोंडून भलतंच निघतं, सगळं छान आहे, लवकर ये. लिहिताना मात्र हात अजून माझं ऐकतो. येत्या रविवारी मी तुला लाडीगोडी लावीन, रडेन, आजारी आहे म्हणेन, ते पत्र चेष्टेने लिहिलं होतं असंही सांगेन. आवाज माझाच असेल. तरी येऊ नकोस, मला सोडवायला म्हणूनसुद्धा नको. आईला यातलं अवाक्षर बोलू नकोस. फोनच्या पलीकडची मुलगी तिला ‘आई’ म्हणते आहे तोवर तिला तिच्याशी बोलू दे.

अजून तरी तुझीच,
ताई