भाग पहिला संपला, चहा मात्र बिनसाखरेचाच

तीर्थस्वरूप सौ. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (वाकलं की कंबर धरते, म्हणून मनातल्या मनात पूर्ण वाकले आहे असं समजावं). तुमची सांधेदुखी कशी आहे? तुम्ही सांगितलेलं तेल मीही लावते आहे. गुण आला की नाही कळत नाही, पण बाटली आणलीच आहे तर संपेपर्यंत लावणार. तुमचे बंधू ठीक. बायको हल्ली आपल्याशी कमी बोलते, अशी त्यांची तक्रार आहे. आणि ती ते चारचौघांत इतक्या आनंदानं सांगतात की मला तिची काळजी वाटत नाही.

पत्रास कारण भावोजींची ऐतिहासिक कादंबरी. तुमच्या यजमानांबद्दल तुमच्याकडेच तक्रार करायची म्हणजे लहान तोंडी मोठा घास, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, ‘वाचायला बसलीस की गॅसवरचं दूध उतू जाईल तरी कळायचं नाही तुला.’ वन्सं, पुस्तक वाचून झालं आणि एकही दिवस दूध उतू गेलं नाही. उलट मधल्या प्रकरणांत मी आपणहून उठून दूध बघून येत होते. तुमच्या एकटीच्या शब्दावर मी विसंबले असंही नाही. चौकातल्या पुस्तकवाल्याच्या दाराशी माणसाएवढं चित्र लावलं होतं: कड्यावर उधळलेला घोडा, मागे पेटलेला किल्ला, खाली बुडणारी जहाजं, आणि वर तांबड्या अक्षरांत ‘कमकुवत हृदयाच्या वाचकांनी जपून वाचावे.’ ते वाचून आमच्या वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई पहिल्या दिवशी गोळ्यांची डबी घेऊन आल्या. (ऐंशी उलटली आहे, नोकरी सुटून जमाना झाला, पण अजून समोर कुणी शिंकलं की त्यांचा हात त्याच्या मनगटाकडे जातो.) डबी उघडावी लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या उशी घेऊन येऊ लागल्या.

आता खरी अडचण सांगते. दुपारी आमच्याकडे बायका जमतात आणि मी मोठ्यानं वाचते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आजवर फक्त धर्मग्रंथ वाचले. आमची रीत ठरलेली: देवापुढे दिवा लावायचा, हात जोडायचे, ग्रंथ पुरा होईपर्यंत एक आवडती गोष्ट सोडायची, आणि हाती घेतलेलं अर्ध्यावर टाकायचं नाही. या खेपेला म्हटलं, घरचाच लेखक आहे, एकदा कादंबरी वाचू. पहिल्या दुपारी मी सवयीनं दिवा लावला, सवयीनं हात जोडले, आणि सवयीनंच तोंडातून निघून गेलं, ‘देवा, हे पुस्तक तडीस जाईपर्यंत आम्ही चहात साखर घालणार नाही.’ सगळ्यांनी सवयीनं ‘हो’ म्हटलं. शिवणवाल्या बाईंच्या (सुई आणि जीभ दोन्ही सारख्याच बारीक) तेवढं ध्यानात आलं. म्हणाल्या, ‘अहो, ही कादंबरी आहे ना?’ पण तोवर दिवा लागला होता. देवाला काय सांगायचं? चुकून शब्द दिला, परत दे?

बरं, वाटलं होतं, पळापळीची गोष्ट आहे, भराभर उरकेल. पण पहिलं सबंध प्रकरण सरदाराच्या मिशीचं. दुसऱ्यात तो घोड्यावर खोगीर घालतो. तिसऱ्यात खोगीर कुणी दिलं, त्याच्या बापाची हकिगत. चौथ्यात पुन्हा मिशी. तलवार उपसली म्हणून आम्ही सावरून बसावं, तर सरदार भाषण सुरू करणार आणि शत्रू वर उचललेल्या तलवारीनिशी ते शेवटपर्यंत ऐकून घेणार. आमच्या सोसायटीच्या सभेतसुद्धा कुणी कुणाचं एवढं ऐकून घेत नाही. त्यातून हा सरदार दिसेल त्याला मोहरांची थैली फेकतो. नावाड्याला थैली, पहारेकऱ्याला थैली, रस्ता सांगणाऱ्याला थैली. मिळकत कशाची, ते कुठे लिहिलेलं नाही. घरात असा पुरुष असता तर मी त्याला भाजीलासुद्धा पाठवला नसता.

एकदा खरंच जीव कंटाळला, म्हणून मी दोन पानं एकदम उलटली. (पाप झालं, देवापुढे कबूल केलं आहे.) नर्सबाई झोपल्यात असं वाटत होतं, त्या डोळे न उघडता म्हणाल्या, ‘मघाशी तो घोड्यावर होता. आता बोटीत कसा?’ ओशाळून मागची पानं वाचली, तर त्यांतही घोड्यावरचा बोटीत कसा आला ते नव्हतंच. म्हणजे गाळलं मी नव्हतं, भावोजींनीच गाळलं होतं.

तेही सोसलं असतं. पण राजकन्या! तिला भावोजींनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच तळघरात कोंडलं आणि ते साफ विसरून गेले. सरदार मेजवान्या झोडतो, कविता करतो, त्याच तळघराच्या वरून दोनदा घोडा नेतो, पण हिची आठवण ना त्याला ना लेखकाला. आमच्या बायका रोज विचारायच्या, ‘आज तरी तिला कुणी जेवायला दिलं का?’ मी पान पुढचं-मागचं बघून मान हलवायची. आम्ही ज्याच्यासाठी कडू चहा गिळला, त्या शेवटच्या पानावर तर जळता किल्ला नाही, जहाजं नाहीत. सरदार टेकडीवर उभा राहून दूर बघतो, आणि खाली छापलंय, ‘भाग पहिला समाप्त.’

वन्सं, मी मागचं कोरं पानसुद्धा उलटून पाहिलं. मग शिवणवाल्या बाई म्हणाल्या, ‘म्हणजे पुस्तक तडीस गेलं नाही.’ नाहीच ना गेलं! तुमच्या बंधूंना सांगितलं तर म्हणतात, ‘साखर वाचतेय ना, मग रडतेस कशाला?’ मी हिशेबी आहे, पण इतकी नाही. बाकीच्यांचं निभेल; काहींना तर डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मला घोर आहे तो नर्सबाईंचा. त्यांना दुसरं काही उरलेलं नाही. माणसं लांब, दात गेले, डोळ्यांना अक्षर दिसत नाही. सकाळ-दुपारचा गोडमिट्ट चहा, तोही बशीत ओतून, एवढाच त्यांचा थाट. मी म्हटलं, नेम मोडल्याचं पाप मी माझ्या पदरी घेते, तुम्ही साखर घ्या. तर म्हणाल्या, ‘जन्मभर लोकांना पथ्य पाळायला लावलं, आता मी मोडू?’ आणि जाताना जिन्यात हळूच विचारलं, ‘दुसरा भाग कधी येणार गं? मी असेन ना तोवर?’ माझ्या सवयीपायी म्हातारीचा शेवटचा गोडवा गेला, हे माझ्या मनातून जात नाही.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना पुस्तक ‘पोचलं’ म्हणून सांगावं. आवडलं का विचारलं, तर आम्ही सगळ्या अजून त्यातून सावरतो आहोत म्हणावं. तेही खोटं नाही.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. भावोजींच्या हाताचा वेग पाहता दुसऱ्या भागाची वाट बघण्यात अर्थ नाही. म्हणून आम्हीच एक शेवटचं पान लिहून पाठवतो आहोत: राजकन्या सुटते, सरदार आपल्या घरी जातो, समाप्त. त्याखाली भावोजींची सही तेवढी आणावी. देवापुढे ठेवायचं तर मूळ लेखकाची संमती हवी. वाचायला देऊ नये. ते चष्मा शोधत असतील तेव्हा पुढे करावं.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहून गेलं, ते बरंच झालं. सही आणू नका. पान लिहायला बसलो, तर शिवणवाल्या बाई म्हणाल्या, नुसती ‘सुटते’ कशी? कुलूप कोण उघडणार? म्हणून तुरुंगाधिकाऱ्याची बायको घातली. बायको आली म्हणजे मागोमाग तिची सासूही आली, आणि ती इतकी खाष्ट निघाली की आता तिला काढवत नाही. नर्सबाईंनी हट्टानं सरदाराला जखमी करायला लावलं (‘मलाही काहीतरी काम हवं’), आणि गोष्टीत शिरून त्या स्वतः त्याच्यावर उपचार करताहेत. उठू देत नाहीत, भाषण तर मुळीच करू देत नाहीत. काल मला राहवेना. म्हटलं, आज संपवून टाकू, आणि त्यांच्या कपाजवळ साखरेचा डबा नेला. त्यांनी कपावर हात ठेवला. म्हणाल्या, ‘ती पोर अजून शत्रूच्या गावात आहे आणि तुला चहा सुचतोय? लिही पुढे.’ आता दुपारी सगळ्यांच्या आधी त्याच येऊन बसतात.

तेव्हा भावोजींना म्हणावं, सावकाश लिहा, आमच्याकडून घाई नाही. फक्त दुसऱ्या भागाला हात घालण्यापूर्वी आम्हाला एकदा विचारावं. तळघरात राजकन्या त्यांना सापडायची नाही.